हरीण जेवायला यायचंय

विस्कॉन्सिनमध्ये माणसं दोन प्रकारची. एक, हरणांपासून भाजीपाला वाचवणारी. दुसरी, हरणांसाठी भाजीपाला लावणारी. खरं तर यांच्यात हाडवैर हवं, पण पुष्कळदा त्यांचं एकमेकांशी लग्न झालेलं असतं.

आमच्या शेजारी असंच एक जोडपं राहतं. त्यांच्या गराजमध्ये भिंतीला एक लांब फळी आहे. फळीच्या डाव्या टोकाला बाईंच्या बाटल्या. सडकी अंडी आणि लसूण घातलेलं हे औषध हॉस्टा या शोभेच्या झाडाच्या पानांवर फवारलं की हरणं बागेकडे फिरकत नाहीत, असं बाटलीवर छापलेलं आहे. बाटलीवर पळणाऱ्या हरणाचं चित्र. उजव्या टोकाला नवऱ्याच्या पिशव्या. हे बी पेरलं की पंचक्रोशीतली हरणं धावत येतात, असं पिशवीवर छापलेलं आहे. तिथेही पळणारंच हरीण, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला. दोन्ही माल एकाच दुकानातून, एकाच ढकलगाडीत, एकाच क्रेडिट कार्डावर घरी येतो.

या नवऱ्याला आमच्या घरात 'पाटील' म्हणतात. त्यांना हे ठाऊक नाही. मॅडिसनपासून दोन-अडीच तासांवर त्यांची चाळीस एकर जमीन आहे, आणि चाळीस एकरवाल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला आमची जीभ रेटत नाही. जुन्या सरकारी मोजणीत इथली जमीन चौकोनी तुकड्यांत कापली गेली. त्यातला चाळीस एकरांचा तुकडा इतका रुळला की लोक एकर वगैरे म्हणतच नाहीत, नुसतं 'फोर्टी' म्हणतात. पाटलांच्या फोर्टीत बरंचसं जंगल, थोडी दलदल आणि मधोमध झाडं तोडून काढलेलं अर्ध्या एकराचं वावर. आपल्या हिशेबाने वीस गुंठे. त्याला म्हणायचं 'फूड प्लॉट'. तिथे जे उगवेल ते सगळं हरणांचं. नोव्हेंबरात मात्र शेजारच्या झाडावर बंदूक घेऊन बसायचं आणि जेवायला आलेल्यांपैकी एकाला ठेवून घ्यायचं.

"एवढा खटाटोप कशाला?" मी सुरुवातीला विचारलं होतं. "मक्याचं पोतं आणून ओता की."

पाटलांनी कुंपणापलीकडे नजर टाकली. "हळू बोल. आमच्याकडे तो गुन्हा आहे."

गुन्ह्याचं कारण असं. २००२ साली विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग सापडला. तो मेंदू पोखरतो आणि त्यावर औषध नाही. मक्याच्या ढिगाभोवती हरणांची गर्दी झाली की लाळेतून तो पसरतो, म्हणून रोगाच्या काउंट्यांमध्ये हरणांना असं खाणं घालायला बंदी. पण तोच मका जमिनीत पेरून, उगवू देऊन, कणसांसकट उभा ठेवला तर ती शेती! मका आडवा दिसला तर दंड, उभा दिसला तर शाबासकी. कायद्याची इतकी बारीक नजर पाहिली की परदेशात आल्यासारखं वाटतच नाही.

मी वर्ध्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, हे पाटलांना कळलं आणि माझे शनिवार गेले. माझा जन्म संगणकापुढे चाललाय. वखर आणि डवरा शेजारी ठेवले तर मी दोघांनाही नांगर म्हणेन. पण परक्या मुलखात माणसाने स्वतःबद्दलचा चांगला गैरसमज सहसा दूर करू नये.

"तुमच्याकडे हरणं येतात शेतात?" पाटलांनी विचारलं.

"रोज रात्री."

"काय पेरता तुम्ही?"

"तूर, हरभरा, सोयाबीन."

पाटलांनी ते वहीत उतरवून घेतलं. रोज रात्री हरणं! सोयाबीनखाली दोनदा रेघ मारली. मी सल्लागार झालो.

फूड प्लॉटचा खरा हंगाम जानेवारीत असतो. बाहेर गुडघाभर बर्फ, जमीन दगडासारखी टणक, आणि आत टेबलावर बियाण्यांचे कॅटलॉग पसरलेले. हरणाला यंदा काय घालायचं? घरी आज भाजी कोणती करू, या प्रश्नाला जन्मभर 'काहीही कर' असं उत्तर दिलेला माणूस इथे तीन महिने विचार करतो. कॅटलॉगांतही निवड मुबलक. पांढरं क्लोव्हर, तांबडं क्लोव्हर, बरसीम, लसूणघास, ओट, गहू, सलगम, लांब पांढरा मुळा, केल, साखरेचं बीट, चवळी, सोयाबीन, सूर्यफूल, आणि आपण कॉफीत मिसळतो ती चिकोरीसुद्धा. प्रत्येक पिशवीवर भलीमोठी शिंगं मिरवणारा नर. आत ज्याचं बी आहे त्या झाडाचं चित्र शोधून सापडत नाही. गिऱ्हाईक हरणाचं, झाड काय, कसलंही चालेल.

पिशवीच्या शिवणीत मात्र एक पांढरी चिठ्ठी असते. शुद्ध बी किती, तण किती, उगवण किती, हे तिच्यावर छापायची कायद्याने सक्ती आहे. वाचणारा मी एकटाच निघालो. एका महागड्या क्लोव्हरवर 'निर्जीव पदार्थ ३४ टक्के' असं होतं. म्हणजे बियांवरचा लेप.

"तिसरा हिस्सा पैसे लेपाचे आहेत," मी म्हणालो.

"पण शिंगं बघ," पाटील म्हणाले.

या विषयात पंथ आहेत. त्यांची सभा शुक्रवारी रात्री फिश फ्रायला भरते. शुक्रवारी तळलेले मासे खाणं ही विस्कॉन्सिनची रीत आहे; ताटात मासा, बटाटा, पाव आणि एका वाटीत कोबीची कोशिंबीर. क्लोव्हरपंथी शांत आणि प्रौढ असतात: एकदा पेरलं की तीन-चार वर्षं बघायला नको, प्रथिनं भरपूर. सलगमवाले अधीर. त्यांचा सिद्धान्त असा की कडाक्याची थंडी पडली की पानं गोड होतात आणि मग हरणं वेड्यासारखी येतात. राईवाले साधे लोक. राई म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हाच्या घराण्यातलं धान्य. ते कुठेही, कसंही, कुणाच्याही हातून उगवतं. त्यामुळे ते पेरण्यात कर्तृत्व ते काय, असं बाकीचे म्हणतात.

"सलगमाच्या पानांत प्रथिनं किती आहेत माहीत आहे का?" एक सलगमवाले गरजले. सलगम, मुळा, केल, कोबी ही सगळी एका कुळातली मंडळी कशी अमृततुल्य आहेत, हे त्यांनी अर्धा तास समजावलं. समजावता समजावता समोरची कोबीची वाटी काट्याच्या टोकाने हळूहळू टेबलाच्या कडेपर्यंत ढकलली.

"ही नाही खात तुम्ही?" मी विचारलं.

"हिरवं मला सोसत नाही," ते म्हणाले.

पुढे पाटलांनी दक्षिणेकडून एक खास पिशवी मागवली. टेक्सासकडे हरणं यासाठी जीव टाकतात म्हणे. नाव लॅबलॅब. सल्लागाराचं मत घ्यायला ते पिशवी घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले आणि ओट्यावर मूठभर बी ओतलं. माझी बायको अलिबागची. तिने एक दाणा उचलला, उजेडात धरला.

"अरे, हे वाल आहेत."

मी पाटलांना सांगितलं, हे आमच्या घरचं खाणं आहे. पाटलांचा माझ्याबद्दलचा आदर आणखी वाढला. बायकोचा चेहरा मात्र गंभीर झाला.

"हरणांना वाल घालतात?"

"हो."

"मोड आणून?"

"नाही."

"मग सोलून तरी?"

"सोलून कसे घालतील? पेरतात. हरणं पानं खातात."

"पानं खातात आणि वाल टाकतात?" ती म्हणाली. त्या दिवसापासून हरीण या प्राण्याबद्दल तिचं मत जे बिघडलं ते बिघडलंच. पाटील गेले तेव्हा पिशवीतले दोन वाट्या वाल कमी झाले होते. पेरायचं बी आहे, त्याला औषध चोळलेलं असू शकतं, हे मी वेळेवर ओरडलो म्हणून आमचं बिरडं टळलं.

पेरणीआधी माती तपासली. माती आंबट निघाली. क्लोव्हरला सामू सहा-सात लागतो, इथे पाचच्या जरा वर. उपाय चुना, एकराला दोन टन. जंगलात ट्रॅक्टर शिरत नव्हता, म्हणून चाळीस-चाळीस पौंडांच्या पिशव्या खांद्यावरून न्यायच्या ठरल्या. अर्ध्या एकराला पन्नास पिशव्या. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती असूनही चुन्याचा आमचा संबंध पानापुरताच. त्या शनिवारी मी आपादमस्तक पांढरा होऊन घरी आलो तेव्हा मुलाने दार लावून घेतलं. आणि एवढं करून चुना लगेच लागू पडत नाही. त्याला महिनोन्‌महिने लागतात.

"मग आज घाई कशाची होती?" मी विचारलं.

"पावसाच्या आधी टाकलेला बरा," पाटील म्हणाले. हे वाक्य मी वर्ध्यालाही ऐकलं आहे. अशा वाक्यानंतर पाऊस येत नाही. आला नाही.

क्लोव्हरचं बी अतिशय बारीक, एका पौंडात सात-आठ लाख. ते थंडीच्या शेवटी गोठलेल्या जमिनीवर नुसतं फेकायचं. रात्री जमीन फुगते, दिवसा बसते आणि बी आपोआप आत ओढलं जातं. मला ही पद्धत फार आवडली, कारण तिच्यात वाकावं लागत नाही. राई मात्र हौसेने, भरपूर, सप्टेंबरात टाकली. प्लॉटमध्ये ती विरळ उगवली. पोतं जिथे फाटलं होतं त्या पिकअपच्या मागच्या हौद्यात, कोपऱ्यातल्या पाचोळ्यात आणि वाळूत, ती अशी तरारून आली की पाटलांना झाडू मारवेना.

आता हरणांनी काय केलं ते सांगतो. वाल त्यांना आवडले. इतके आवडले की दोन पानं फुटली रे फुटली की रोपं साफ. अर्ध्या एकरात वाल वेलीपर्यंत पोचलेच नाहीत. सलगम आवडले नाहीत. थंडी पडली, पानं गोड झाली, सलगम मुठीएवढे झाले, आणि हरणं बाजूने चालत निघून गेली. जाणकार म्हणाले, इथल्या हरणांना सलगमाची ओळख नाही, चव लागायला काही वर्षं जातात. म्हणजे आवडलं तर नोव्हेंबरात प्लॉट रिकामा, नाही आवडलं तर प्लॉट भरलेला आणि हरीण नाही. दोन्हीकडून झाडावर पाटील एकटेच. हे सगळे सलगम शेवटी आमच्याकडे आले. आम्ही सलगमाची भाजी केली, कोशिंबीर केली, थालीपीठ केलं, सांबारात घातले. हरणांचा मुद्दा आम्हाला पटला.

किती खाल्लं जातंय हे मोजायला प्लॉटमध्ये जाळीचा एक पिंजरा उभा करतात. पिंजऱ्यात हरीण नसतं, पीक असतं. आतलं क्लोव्हर गुडघ्याला लागलं होतं आणि बाहेरचं जमिनीला टेकलेलं. पाटील हर्षभराने माझ्या गळ्यात पडले. मग खिशातून चष्मा काढून ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक देठ न्याहाळू लागले. हरणाला वरचे पुढचे दात नसतात. ते चावत नाही, ओरबाडतं, देठाची कड फाटकी राहते. सशाचा काप तिरपा आणि स्वच्छ. पाटलांनी पहिला देठ पाहिला, दुसरा पाहिला, चष्मा पुसून तिसरा पाहिला.

"ससे," ते म्हणाले.

त्याच सुमारास कॅमेऱ्याने एक फोटो मोबाइलवर पाठवला. झाडांना असे कॅमेरे बांधतात, काही हललं की ते फोटो काढतात. एरवी रॅकून, टर्की आणि रात्री दोनला एखाद्या हरणाची नुसती पाठ. या फोटोत मोठा नर होता, भर दुपारी. प्लॉटच्या बाहेर, झाडीच्या कडेला तो रॅगवीड खात होता. ज्याच्या परागांनी अर्धी अमेरिका ऑगस्ट-सप्टेंबरात शिंकते ते तण, जे आम्ही कंबर मोडून प्लॉटमधून उपटलं होतं ते, तो डोळे मिटून चघळत होता. पुढे ओक झाडांचे एकॉर्न पडू लागले तेव्हा तोही दिसेनासा झाला. जंगलभर फुकटची पंगत पडली असताना चुना घातलेल्या वीस गुंठ्यांत कोण येतो? दिवाळसणाला पुरणपोळी, बासुंदी, श्रीखंड मांडावं आणि जावईबापूंनी मित्राच्या गाडीवर वडापाव खाऊन यावं, तसा तो प्रकार.

पाटलीणबाई नवऱ्याचा फारच पडलेला चेहरा पाहून म्हणाल्या, "१९१४ साली डॅनबरीच्या जेम्स जॉर्डनने मारलेल्या नराला कुणी काय पेरलं होतं?" हे नाव इथे सगळ्यांना पाठ असतं. त्या नराची शिंगं मोजणीत २०६ इंचांवर भरली. जॉर्डनने ते मुंडकं भरायला दिलं आणि भरणारा ते घेऊन गावच सोडून गेला. पाटील थोडा वेळ गप्प बसले.

"चिकोरी असती तर २२० भरली असती," ते म्हणाले.

या सगळ्याची हकिकत मी काकांना व्हिडिओ कॉलवर सांगत असे. काका वर्ध्याजवळ तुरीच्या वावरात जागलीला असतात. रोही, रानडुकरं, हरणं, सगळ्यांना ते नावानिशी ओळखतात. डबे वाजवून झाले, फटाके झाले, बांधाला काकूंच्या जुन्या साड्या बांधून झाल्या, वनविभागाकडे भरपाईचे अर्ज आणि पंचनामे झाले.

"काय सांगून रायला तू? हरणासाठी पेरते?"

"हो."

"अन् मंग हाकलते?"

"नाही. बोलावतात."

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. "पोराची तब्येत पाय जरा." मग लांबून आवाज आला, "त्याले म्हणा, आमच्या इकडचे सारे घेऊन जाय. इमानाचं भाडं मी देतो!"

पाटलांनी पुढच्या हंगामात माझ्या सल्ल्यावरची ती दुहेरी रेघ मनावर घेतली आणि सोयाबीन पेरलं. वालांसारखीच गत होऊ नये म्हणून प्लॉटला चारही बाजूंनी विजेचं कुंपण घातलं. इथे बरेच जण तसं करतात. मी तिथूनच काकांना फोन लावला आणि तारा दाखवल्या.

"झटका मशीन!" काकांचा चेहरा उजळला. "आता शायना झाला तो. दे त्याले फोन."

काकांनी वऱ्हाडीत आणि पाटलांनी इंग्रजीत कुंपणाबद्दल बराच वेळ चर्चा केली. खालची तार किती वर असावी यावर दोघांचे हातवारे अगदी जुळले. फोन परत माझ्याकडे आल्यावर मी खुलासा केला की हरणांचंच जेवण आहे, फक्त नोव्हेंबरपर्यंत हरणांपासून राखायचंय; मग पाटील स्वतःच कुंपण काढणार.

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं नेटवर्क गेलं.

नोव्हेंबर आला. बंदुकीचा हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू. राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं भडक नारिंगी कपडे घालून रानात शिरतात. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो, तसा कायदाच झाला. हरणांना हे रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून काही प्रतिक्रिया आली नाही. पाटलांनी कुंपण काढलं, बिनवासाच्या साबणाने आंघोळ केली, कपडेही त्याच साबणाने धुतले, आणि झाडावर चढून लसणीचं सॉसेज उघडलं.

सोयाबीन शेंगांनी लवलं होतं. आठ दिवस त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. एका संध्याकाळी पिकअपकडे परत आल्यावर पाटील हौद्याशी थबकले. विजेरी काढली, चष्मा काढला. कोपऱ्यातली राई खुडलेली होती.

"कड बघ," ते कुजबुजले. "फाटकी आहे."

शेवटच्या दिवशी अंधार पडता पडता ओकच्या झाडाखाली एक मादी मिळाली. पाटील खूश. घरी फ्रीझर भरला, आम्हालाही वाटा आला. मग जानेवारीत, कॅटलॉग यायच्या आधी, सल्लागार म्हणून मी हिशेब मांडला: बी, लेप, चुना, खत, तारा, बॅटरी, कॅमेरे, पेट्रोल. त्याला मांसाच्या वजनाने भागलं. जो भाव निघाला त्या भावात केशर येतं. पाटलांनी कागद पाहिला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'यंदा साखरेचं बीट?'

तो आकडा मी काकांना सांगितला. मला वाटलं हसतील. त्यांनी मान डोलावली आणि प्रथमच पाटलांचा बरोबरीच्या नात्याने उल्लेख केला.

"एवढं घातलं अन् एवढंच निघालं?"

"हो काका."

"तरी पुढच्या साली पेरतेच म्हणते?"

"हो."

"मंग थे शेतीच हाये," काका म्हणाले. "बराबर करून रायला पाटील."